रोजमेरीची बाटली घेण्याआधी

तुमच्या रूमवर सध्या किती बाटल्या आहेत? पाण्याच्या नाही, तेलाच्या. एक आईनं घरून दिलेली, आजीच्या हातचं माक्याचं तेल भरलेली, झाकणातून कायम गळणारी. एक खोबरेलाची. आणि आता ही तिसरी. तपकिरी काचेची, ड्रॉपरवाली, जेमतेम अंगठ्याएवढी. रोजमेरी! कुणीतरी रील दाखवलं, दोघातिघांनी कॉन्ट्री केली आणि ऑर्डर टाकली. लातूरच्या ट्यूशन एरियात राहा नाहीतर नांदेडच्या भाग्यनगरात, खिडकीत ही तिसरी बाटली दिसायला लागलीच आहे.

का दिसते तेही काही गुपित नाही. घरापासून लांब, डोक्यावर नीट नाहीतर जेईई, आणि सकाळी अंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका. पोटात गोळा येतोच. वर मित्र असतातच मदतीला, 'काय रे, अर्धं रान मोकळं व्हायलंय की!' मुलींचं अजून अवघड. सुटीत गावाकडं गेलं की आत्या, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांची नजर आधी वेणीवर. 'केवढी शेपटी होती गं तुझी!' मार्क किती पडले, हा प्रश्न त्यानंतर.

मग रोजमेरी, पेपरमिंट, लॅव्हेंडर, टी ट्री अशी ही वनस्पतींची उग्र वासाची तेलं खरंच चालतात का? चालतात, पण थोडी, काहींना, आणि तीही तुमचं नेमकं काय बिघडलंय त्यावर. हा शेवटचा भाग रीलमध्ये कधीच नसतो.

आपल्या मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आधीपासून आहेत. चाई पडणं वेगळं, टक्कल पडणं वेगळं, केस गळणं वेगळं आणि केस तुटणं वेगळं. गावाकडची म्हातारी माणसं हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. रीलवाले मात्र चारही एकाच पोत्यात भरून वर 'हेअर फॉल' असं लेबल चिकटवतात. घोळ तिथंच होतो.

अभ्यास चाईचा, जाहिरात टकलाची

तेलवाल्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे 'सायंटिफिकली प्रूव्हन'. ते पूर्ण खोटं नाही. १९९८ मध्ये स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या डॉक्टरांनी ८६ रुग्णांवर केलेला एक अभ्यास अमेरिकेतल्या त्वचारोगाच्या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून आला. रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला थाइम, रोजमेरी, लॅव्हेंडर आणि सीडारवुड ही चार तेलं जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात मिसळून दिली. दुसऱ्या गटाला नुसतं जोजोबा आणि द्राक्षबियांचं तेल. रोज डोक्याला मसाज, सलग सात महिने. शेवटी पहिल्या गटातल्या ४३ पैकी १९ जणांत सुधारणा दिसली, म्हणजे ४४ टक्के. दुसऱ्या गटात ४१ पैकी ६ जणांत, म्हणजे १५ टक्के. फरक मोठा आहे आणि तो नाकारण्याचं कारण नाही.

पण हे सगळे रुग्ण चाईचे होते. चाईत आपल्याच शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा केसांच्या मुळांवर उलटते आणि डोक्यावर, दाढीत, कधी भुवईत रुपयाएवढा गुळगुळीत गोल पडतो. मुळं मेलेली नसतात, दबलेली असतात. म्हणून अनेकांची चाई काहीही न करता भरूनही येते. आपल्याकडं चाईवर लसूण चोळायची पद्धत आहेच. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी चाईवर कांद्याचा रस दिवसातून दोनदा लावून पाहिला, तेव्हा २३ पैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. दुसऱ्या गटाला नळाचं पाणी लावलं होतं, त्यांच्यात फार कमी जणांना. अभ्यास छोटा, पण आजीची लसणाची पाकळी अगदीच अंधारातला बाण नव्हती म्हणायची. आज दुकानात 'ओनियन' लिहिलेला जो शाम्पू ढिगानं दिसतो, त्याला विज्ञानाचा आधार म्हणून बहुतेक वेळा हाच अभ्यास दाखवतात. चाईवरचा निकाल, विकायचा मात्र मागं सरकणाऱ्या केसांवर! गणिताचा पेपर देऊन बायोलॉजीचे मार्क मागण्यासारखं झालं हे.

मग टकलाचं काय? ते अनुवंशिक. कपाळाचे दोन कोपरे मागं जातात, माथा उघडा पडतो. मुलींमध्ये भांग रुंदावतो. डीएचटी नावाच्या हार्मोनला तुमच्या मुळांनी किती दाद द्यायची, हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. 'मामाला टक्कल म्हणून भाच्याला' एवढं सोपं नाही, दोन्ही घरांकडून येतं. या प्रकारावर रोजमेरीचा एक अभ्यास आहे. इराणचा, २०१५ मधला. १०० पुरुष, ५० जणांना रोजमेरी, ५० जणांना २ टक्के मिनॉक्सिडिल. मिनॉक्सिडिल म्हणजे मुळात ब्लडप्रेशरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून तिचं डोक्याला लावायचं औषध झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तर इराणमध्ये तीन महिन्यांनी दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्हीकडं केसांची संख्या थोडी वाढली आणि दोघांत विशेष फरक दिसला नाही.

'रोजमेरी बरोबर मिनॉक्सिडिल' ही घोषणा इथून आली. आता परीक्षक म्हणून बघा. पुरुषांना सहसा ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल देतात, इथं तुलना २ टक्क्यांशी. आणि काहीच औषध नसलेलं साधं तेल लावणारा तिसरा गट नव्हताच. दोन पोरं सारख्याच मार्कांनी पास झाली, पण पेपर सोपा होता का अवघड हे सांगायला वर्गात तिसरं कुणी नाही, अशी गत. मिनॉक्सिडिलच्या मागं बाकीचे कितीतरी अभ्यास उभे आहेत, रोजमेरीच्या मागं हा एक. पेपरमिंटचं त्याहून थोडं. २०१४ मध्ये कोरियात ते उंदरांवर चाललं. आपला माका आणि जास्वंदही प्रयोगशाळेत उंदीर-घुशींच्या पाठीवर छान चालल्यात. उंदरांना टकलाचं टेन्शन नसतं, एवढंच.

जुलैचा ताप, दिवाळीचे केस

तुमच्या वयात, हॉस्टेलवर आणि रूमवर, सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार मात्र तिसरा आहे. नुसतं गळणं. डोकंभर, सगळीकडून, मूठमूठ.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या कामावर, बाकीचे रजेवर. रजेवरचे रोज ५० ते १०० गळतात, त्यांच्या जागी नवे येतात. हे नॉर्मल आहे. पण शरीराला मोठा धक्का बसला, डेंग्यू झाला, टायफॉइड झाला, झटक्यात वजन उतरलं, ऑपरेशन झालं किंवा जबरदस्त ताण आला, की शरीर खर्चकपात करतं आणि केसांची मोठी फौज एकदम रजेवर पाठवतं. गंमत अशी, की ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात.

हिशेब मांडा. जूनमध्ये गाव सोडलं, क्लास लागला, झोप पाच तासांवर आली, सकाळी चहा-खारी आणि दुपारी मेसचं जे असेल ते. जुलैत पावसाळी ताप. तेव्हा डोक्यावर सगळं जाग्यावर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उशीभर केस! तोवर ताप कुणाच्या लक्षात आहे? मग दोष जातो पाण्याला. लातूरला पाण्याचं दुखणं जुनंच, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, गुंततात, मधूनच तुटतात. तो चौथा प्रकार, केस तुटणं. पण ते पाणी केसाच्या दांडीवर काम करतं, मुळावर नाही. गळलेला केस उजेडात धरून बघा. टोकाला पांढरा बारीक मणी असेल तर तो मुळापासून आलाय. नसेल तर तुटलाय.

आता या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग. धक्का टळला की हे गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि केस परत येतात. तुम्ही दिवाळीला रोजमेरी सुरू करता. होळीपर्यंत कपाळावर नवे छोटे केस दिसतात. आरशात फोटो, स्टेटस, 'रिझल्ट मिळाला यार', आणि रूमवरच्या आणखी चौघांची ऑर्डर. ते केस तेल न लावताही येणार होते. खोटं कुणीच बोलत नाही, तरी बाटली खपते. माझ्या मते या तेलांची निम्मी कीर्ती या एका योगायोगावर उभी आहे.

बरं, आपोआप थांबतं म्हणून सोडून द्यायचं का? नाही, कारण धक्का टळलेला नसेल तर थांबत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयात निघाल्या. म्हणजे मुलींच्या कुठल्याही रूमवर निम्म्या जणी. लोह कमी झालं की केस गळतात, जिना चढताना दम लागतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही. तिथं रोजमेरी काय करणार? थायरॉइडचंही तसंच. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, मुरुम आणि वर भांग रुंद होतोय, असं एकत्र असेल तर पीसीओएसची तपासणी लागते. यातल्या एकाचंही उत्तर ड्रॉपरमध्ये नाही आणि बाटली संपेपर्यंत वाट बघण्यात गेलेले महिने अभ्यासाचेच असतात.

कारण शोधणं किती महत्त्वाचं असतं, ते शेजारच्या बुलडाण्यानं दाखवून दिलंय. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस चार-पाच दिवसांत हातात यायला लागले. अठरा गावं, पावणेतीनशेहून जास्त माणसं, त्यात कॉलेजला जाणारी पोरंपोरी बरीच. आधी संशय पाण्यावर, मग बुरशीवर, शाम्पूवर. आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे आणि मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही स्वतः नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम प्रचंड वाढलेलं, झिंक कमी. त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या, बाहेरच्या राज्यातून आलेल्या गव्हावर. काही महिन्यांनी काही जणांची नखंही गळायला लागली. या गावांत कुणी कितीही महागडं तेल चोळलं असतं तरी ताटातली पोळी तीच राहिली असती.

तरीही लावायचंच असेल तर

लावा. माझा विरोध नाही. चाई असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, किंवा टकलाची नुकती सुरुवात आहे आणि औषधाआधी सहा महिने हे करून बघायचंय, तर करून बघण्यासारखं आहे. पण तेल म्हणजे काय ते आधी समजून घ्या. ही खोबरेलासारखी तेलं नाहीत. वाफेवर काढलेला अर्क आहे. किलोभर पाल्यातून जेमतेम चमचा-दोन चमचे निघतो. एवढा जहाल अर्क थेट टाळूवर ओतला तर आग होते, लाल होतं, फोड येतात, आणि सुजलेल्या टाळूवरून केस अजून गळतात.

प्रमाण अॅबर्डीनवाल्यांचंच घ्या. थाइम २ थेंब, रोजमेरी ३, लॅव्हेंडर ३, सीडारवुड २. एकूण १० थेंब, साधारण २३ मिली साध्या तेलात. दोन टक्क्यांच्याही आत. एकटी रोजमेरी असेल तरी दीड मोठा चमचा खोबरेलात १० थेंबांच्या वर जाऊ नका. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. खाज सुटली, पुरळ उठलं, की विषय संपला. डोळ्यांपासून लांब. दमा असेल तर वासानंही त्रास होऊ शकतो, आणि रूम दहा बाय दहाची असेल तर रूममेटलाही विचारा! बाटली पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या ४२ डिग्रीत, खिडकीत ठेवू नका. लॅव्हेंडर आणि टी ट्री ही तेलं हवेनं, उन्हानं जुनी झाली की त्यांची अॅलर्जी जास्त होते.

कोंडा असेल तर गोष्ट उलटी. रात्रभर तेल थापून झोपलात तर कोंड्याची बुरशी खूश. टी ट्रीचा कोंड्यावर उपयोग दिसलाय, पण तो शाम्पूतून. २००२ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ५ टक्के टी ट्रीच्या शाम्पूनं चार आठवड्यांत कोंडा ४१ टक्के कमी झाला, साध्या शाम्पूनं ११ टक्के.

आणि आजीची पहिली बाटली? तिचा मान राखा. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा २००३ चा अभ्यास आहे. नारळाचं, सूर्यफुलाचं आणि मिनरल तेल केसांना लावून कशानं किती नुकसान टळतं ते त्यांनी मोजलं. केसातलं प्रोटीन वाहून जाणं कमी केलं ते फक्त नारळाच्या तेलानं, कारण ते केसाच्या आत शिरतं. दोघं मॅरिकोत, म्हणजे पॅराशूटवाल्यांकडंच काम करत होते, हे लक्षात ठेवूनच वाचायचं. पण जड पाण्यानं तुटणाऱ्या केसांना धुण्याआधी खोबरेल, हा सल्ला त्यातल्या त्यात पक्का. त्यानं नवे केस येत नाहीत, आहेत ते टिकतात.

दुकानात गेलात तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. 'रोजमेरी हेअर ऑइल' लिहिलेल्या मोठ्या बाटलीत बहुतेक मिनरल तेल आणि नावापुरता वास असू शकतो. मागची बारीक अक्षरं वाचा, लायसन्स नंबर आणि बॅच नंबर बघा. आणि 'पंधरा दिवसांत नवे केस' म्हटलं की मनातल्या मनात भागाकार करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पंधरा दिवसांत मुळातून निघालेला केस अर्धा सेंटिमीटर! शिवाय आपल्याकडच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत शेड्यूल जे नावाची यादी आहे. औषधाच्या नावाखाली जे बरं करण्याचा दावा करता येत नाही, अशा आजारांची. त्या यादीत टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. म्हणजे 'टक्कल हमखास बरं' असं छापलेलं औषध दिसलं की त्यानं पहिला नियम तिथंच मोडलेला असतो.

दोन महिने झाले, गळणं थांबत नाही, किंवा गोल चट्टा दिसला, टाळू दुखते, खपली धरते, तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. खासगीची फी परवडत नसेल तर लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. सकाळी लवकर जा आणि ओपीडीचा केसपेपर काढा. हो, शब्द तोच आहे, हसून घ्या. जाताना गेल्या सहा महिन्यांत कधी ताप आला, वजन किती उतरलं, कुठल्या गोळ्या घेतल्या, मुलींनी पाळीच्या तारखा, हे चिठ्ठीवर लिहून न्या. घरात कुणाला टक्कल आहे तेही, आई आणि वडील दोन्हीकडचं. तीन महिन्यांपूर्वीचा भांगाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर उत्तम. आणि त्या दिवशी डोक्याला तेल लावून जाऊ नका, डॉक्टरांना टाळू दिसायला हवी.